मंगळवारच्या आजी

पावसाळ्यातला मंगळवार होता. रिक्षा मिळेना, म्हणून महापालिकेच्या शाळेत पोचायला मला वीस मिनिटं उशीर झाला. माझ्याकडे वाचायला बसणारी तिसरीतली मुलगी व्हरांड्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून काही बोलली नाही. तिनं वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि पेन्सिलीनं बरोबरची एक खूण केली. त्या पानावर तशा अकरा खुणा आधीच होत्या, आणि दोन फुल्या. फुल्या कसल्या, ते विचारावं लागलं नाही. एका मंगळवारी मी नातीच्या वाढदिवसाला ठाण्याला गेले होते, दुसऱ्या वेळी अंगात ताप होता. ते पान म्हणजे माझी हजेरी होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हे काम धरलं, त्याला आता सहा वर्षं झाली. ओळखीपाळखीचे लोक अजून विचारतात, "तुम्ही तिथे शिकवता काय?" खरं सांगायचं तर शिकवणं हा त्यातला लहान भाग आहे. ज्येष्ठ माणूस आणि अडचणीत वाढणारं मूल यांची जोडी जमली की दोघांनाही फायदा होतो, असं सगळेच म्हणतात. पण तो का होतो, कधी होत नाही, आणि कधी उलट नुकसान होतं, यावर गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. तो मराठीत सोपा करून सांगावा असं बरेच दिवस मनात होतं.

एक माणूस पुरतो का?

हवाई बेटांपैकी कौआई नावाचं एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी चाळीस वर्षं लक्ष ठेवलं. बेटावर ऊस आणि अननसाचे मळे होते आणि बरीच मुलं मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतली होती. बीड-जालन्याकडची ऊसतोड ठाऊक असलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. यातली साधारण तिसरा हिस्सा मुलं फार अवघड परिस्थितीत वाढत होती. गरिबी, बाळंतपणातली गुंतागुंत, घरात दारू, भांडणं, आईवडिलांचं मानसिक आजारपण, यांतलं एक-दोन नाही, चार-चार गोष्टी एकदम. अशा मुलांचं पुढे बिघडणार, अशी अपेक्षा होती आणि अनेकांचं बिघडलंही. पण त्यांच्यातली सुमारे एक तृतीयांश मुलं नीट शिकली, कामाला लागली, आपली माणसं सांभाळणारी झाली.

या सावरलेल्या मुलांमध्ये वेगळं काय होतं? काहींचा स्वभावच मुळात मोकळा, लोकांना जवळ करणारा होता. पण जवळपास प्रत्येकाच्या गोष्टीत एक मोठं माणूस सापडलं, ज्यानं त्या मुलाला कायम आपलं मानलं. कधी आजी, कधी मावशी, कधी शेजारी, कधी शाळेतल्या बाई. आईवडिलांच्या जागी कुणी दुसरे आईबाप मिळाले असं नव्हतं. एक भरवशाचं माणूस होतं, इतकंच.

भरवसा शरीरात नेमकं काय करतो, तेही सांगण्यासारखं आहे. धोका जाणवला की आपलं शरीर कॉर्टिसॉलसारखी रसायनं सोडतं, छाती धडधडते, सगळं लक्ष धोक्याकडे लागतं. कुत्रं मागे लागलं तर हे उपयोगाचं. पण ज्या घरात रोज रात्री आरडाओरडा होतो, तिथल्या मुलाचं शरीर दिवसाही सावधच राहतं. वर्गात फळ्याकडे बघताना त्याचा अर्धा जीव दाराकडे असतो. अशा मुलाला आपण पटकन "लक्षच देत नाही" असं म्हणतो. ओळखीचं, शांत, न चिडणारं मोठं माणूस शेजारी बसलं की ही सावधगिरी हळूहळू उतरते आणि मग अक्षरांकडे बघायला डोकं मोकळं होतं. म्हणूनच पहिले दोन महिने काही ‘प्रगती’ दिसली नाही तरी मी घाबरत नाही.

ज्येष्ठच का?

भारतात साठीच्या पुढचे लोक २०११ च्या जनगणनेत १० कोटी ३८ लाख होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालात २०२२ सालासाठी हाच आकडा १४ कोटी ९० लाख धरला आहे, आणि २०५० पर्यंत तो ३४ कोटी ७० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. महाराष्ट्रात राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांच्यापुढे बरीच वर्षं असतात, हातपाय धड असतात, आणि सकाळचं फिरणं, पेपर, दूध, भाजी आटोपली की साडेनऊलाच दिवस संपल्यासारखा वाटतो. मला तरी वाटायचा.

एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातल्या सातव्या टप्प्यात, म्हणजे प्रौढपणी, माणसाला पुढच्या पिढीसाठी काही करून ठेवण्याची ओढ लागते, आणि ती ओढ वाट न मिळता तशीच राहिली तर साचलेपण येतं, असं त्यानं म्हटलं. आपल्याकडे ही ओढ नातवंडांवर खर्च होते. पण नातवंडं आता बंगळुरूला, नाहीतर ऑस्टिनला असतात आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतात.

या ओढीला शाळेची वाट करून देण्याचा सर्वात नीट तपासलेला प्रयोग अमेरिकेत झाला. त्याचं नाव एक्सपीरियन्स कोअर. १९९६ मध्ये तो पाच शहरांत सुरू झाला. त्यामागे दोन डोकी होती आणि ती दोन बाजूंनी विचार करत होती. मार्क फ्रीडमन यांना मुलांसाठी माणसं हवी होती. लिंडा फ्रीड या वृद्धांच्या आजारांच्या डॉक्टर, त्यांना म्हाताऱ्या माणसांसाठी काम हवं होतं. रोज चालायला जा, लोकांत मिसळा, डोकं चालवा, हे डॉक्टर सांगतात आणि आपण चार दिवस करून सोडून देतो. पण आपली वाट बघणारं मूल असलं की माणूस बसस्टॉपपर्यंत चालतो, वीस मुलांची नावं पाठ करतो, उद्या काय वाचायचं याची आदल्या रात्री जुळणी करतो. व्यायाम, डोक्याला काम आणि माणसांची संगत, तिन्ही एकाच फेरीत.

नियम मात्र कडक होते. आठवड्याला किमान १५ तास. पूर्ण शालेय वर्ष. बालवाडी ते तिसरीची मुलं, कारण वाचनाचं घोडं तिथेच अडतं. आधी प्रशिक्षण, येण्याजाण्याला थोडं मानधन, आणि एका शाळेत एकटं-दुकटं न पाठवता मोठा गट. गटाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. एकट्या आलेल्या आजोबांचा गुडघा दुखायला लागला की ते येणं थांबवतात. गट असला की कुणीतरी फोन करून विचारतं, "आज आला नाहीत?"

मुलांना काय मिळालं? सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठानं तीन शहरांतली मुलं तपासली. नवा शब्द उच्चारून वाचणं आणि वाचलेलं समजणं, या दोन गोष्टींत ज्येष्ठांची सोबत मिळालेल्या मुलांची वर्षभरातली प्रगती इतरांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त भरली. इथे थांबून हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. साठ टक्के जास्त म्हणजे दुसरीतलं मूल एकदम पाचवीचं पुस्तक वाचू लागलं असं नाही. एका वर्षात जेवढं अंतर इतर मुलं चालली, त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त ही मुलं चालली.

आणि ज्येष्ठांना? बाल्टिमोर शहरात ७०२ जणांना चिठ्ठ्या टाकतात तसं दोन गटांत वाटलं. एक गट शाळेत गेला, दुसरा नेहमीच्या कार्यक्रमांना. त्यांतल्या १११ जणांच्या मेंदूचे एमआरआय काढले. वयाबरोबर मेंदू थोडाथोडा आकसतो, ते नैसर्गिक आहे. पहिल्या वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोन वर्षांनी दिसला. शाळेत न गेलेल्यांचा मेंदू थोडा आकसला होता, आणि शाळेत जाणाऱ्यांचा आकसण्याऐवजी टिकला होता, किंचित वाढलाही होता. पुरुषांमध्ये हा फरक जास्त ठळक होता. १११ ही संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून स्मृतिभ्रंश टळतो वगैरे कुणी सांगू लागलं तर मान डोलवू नका. पण दोन वर्षं लागली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तीन महिन्यांचा धोका

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले ती.

अमेरिकेतच ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही फार जुनी संस्था आहे. तिथे मोठं माणूस आणि मूल अशी जोडी लावून देतात. ही मोठी माणसं कुठल्याही वयाची असतात, ज्येष्ठच असं नाही. १९९५ साली तिच्या कामाची मोठी तपासणी झाली. १० ते १६ वर्षांची ९५९ मुलं, त्यातल्या निम्म्यांना लगेच जोडीदार दिला, निम्म्यांना १८ महिने थांबायला सांगितलं. जोडीदार मिळालेल्या मुलांमध्ये अंमली पदार्थांना हात लावण्याचं प्रमाण ४६ टक्के कमी निघालं, शाळा बुडवणंही बरंच कमी झालं. सगळ्यांना आनंद झाला.

मग २००२ मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या दोघींनी तीच माहिती पुन्हा उलगडली. यावेळी प्रश्न वेगळा होता : जोडी किती दिवस टिकली? वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वात जास्त फायदा झाला होता. जसजसा काळ कमी तसतसा फायदा कमी. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत खाली गेलं होतं. अभ्यास आपल्याला जमेल हा विश्वासही घटला होता. म्हणजे ज्यांना कुणीच मिळालं नाही त्यांच्यापेक्षा, ज्यांना माणूस मिळालं आणि लगेच निघून गेलं, ती मुलं वाईट ठिकाणी राहिली.

हे वाचलं तेव्हा मला त्या दोन फुल्या आठवल्या. ज्या मुलाच्या आयुष्यातली माणसं आधीच येत-जात असतात, त्याला आपलं जाणं ‘काकांना वेळ नसेल’ असं समजत नाही. ते समजतं, ‘मी आवडलो नाही.’

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, आणि ते कुणाला बोचलं तरी चालेल : एका शालेय वर्षाची तयारी नसेल तर या कामात येऊ नका. मुलाकडे सहा महिन्यांसाठी परदेशी जायचं असेल, मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल, घरात आजारी माणूस असेल, तर यंदा शाळेला वह्या द्या, ग्रंथालयाची पुस्तकं कव्हर घालून द्या, कार्यालयातली कागदपत्रं लावून द्या. तीही गरजेची कामं आहेत. मुलाशेजारी पुढच्या वर्षी बसा. एका दिवसाचं खाऊवाटप आणि फोटो याला तर मी या कामात धरतच नाही.

त्या तासात काय करायचं

मुंबईत १९९५ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनं बालसखी नावाचा उपक्रम केला. दहावी-बारावी झालेली वस्तीतलीच तरुण मुलगी, वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातले दोन तास वेगळं घेऊन बसायची. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो यांच्या चमूनं तो मोजला, आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाल्याचं दिसलं. या दोघांना पुढे २०१९ मध्ये, मायकेल क्रेमर यांच्यासोबत, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बालसखी ज्येष्ठ नव्हत्या, पण त्यांच्या पद्धतीतली मुख्य गोष्ट आपल्याला जशीच्या तशी उचलता येते : मूल कितवीत आहे ते विसरा, ते कुठे अडलं आहे ते बघा. अक्षर ओळखतं का? शब्द वाचतं का? उतारा? छोटी गोष्ट? जिथे अडलं तिथून सुरुवात. मुलांना वाचता-मोजता किती येतं ते तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातली पाचवीची ४८.८ टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली. तेव्हा पाचवीतलं मूल काना-मात्रेशी अडलेलं दिसलं तर त्यात नवल नाही, आणि त्याच्या तोंडावर ते दाखवायचं तर मुळीच नाही.

माझ्याकडे वाचायला बसणारी ती मुलगी रफाराशी अडायची. ‘सूर्य’ तिला वाचता यायचा नाही. ‘सूय’ म्हणायची आणि वरच्या रफाराकडे बघत राहायची. मी नियम सांगितला, तीनदा सांगितला. मग एक दिवस तिच्याच वस्तीच्या फलकावरचा ‘दुर्गा’ हा शब्द तिनं मला दाखवला, कारण तो तिला ऐकून माहीत होता. ‘दुर्गा’तला र् कुठे बसतो ते तिनंच शोधलं, आणि तिथून ‘सूर्य’ आला. मी फक्त शेजारी होते.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला ती बोलली की मी दुरुस्त करायचे. "पानी नाही, पाणी." "व्हतं नाही, होतं." हेतू चांगला होता. दोन आठवड्यांत ती बोलायचीच थांबली. फक्त वाचायची, मान खाली घालून. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, ती घरी आईशी जशी बोलते तशी तुमच्याशी बोलत होती." मला खूप लागलं ते. लिहिताना प्रमाण मराठी यायला हवी, परीक्षेत हवी, ते खरंच. पण मूल आपल्याशी बोलत असताना त्याची बोली कापायची नसते. आता ‘पानी’ ऐकलं की मी पुढच्या वाक्यात सहज ‘पाणी’ म्हणते आणि सोडून देते.

तसंच आपल्या पिढीचे पहिले दोन प्रश्न : "आडनाव काय?" आणि "मूळ गाव कुठलं?" आपल्याला ते ओळख काढणं वाटतं. मुलाला त्यातून काय विचारलं जातंय ते बरोबर कळतं, त्याच्या आईलाही कळतं. "बाबा काय करतात?" हाही प्रश्न नको. वडील गेलेले असतात, घर सोडलेले असतात, तुरुंगात असतात. मूल सांगेल तेव्हा सांगेल.

खाऊबद्दल. हात रिकामा ठेवून मुलाकडे जाणं आपल्याला जमत नाही, मला अजूनही जमत नाही. पण एकाच मुलाला लाडू दिला की बाकीचे बघत राहतात, आणि दर वेळी दिला की मूल लाडवाची वाट बघू लागतं. सगळ्यांना, शाळेला विचारून, सणावारी. एरवी नाही. पैसे कधीच नाहीत.

आणि ज्यावर तडजोड नको अशा गोष्टी. पोलीस पडताळणी करून घ्या. संस्थेनं किंवा शाळेनं मागितली तर वाईट वाटून घेऊ नका, जिथे मागत नाहीत तिथे जरा शंका घ्या. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही. उघडा व्हरांडा, वर्गाचा कोपरा, ग्रंथालय चालेल. मुलाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत, कौतुकाचेही नाहीत. मुलानं काही त्रासाचं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक छळाची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनाही सांगा. रात्री-अपरात्री काही कळलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

मूल निघून जातं तेव्हा

जोडी कधी मोठ्या माणसाच्या बाजूनं तुटते. आपल्याकडे बरेचदा मूलच जातं. इमारतीचं काम संपलं की कुटुंब दुसऱ्या साइटवर, ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे. माझी मुलगी चौथीच्या फेब्रुवारीत गेली. दोन आठवडे आधी कळलं, हे तिच्या बाईंमुळे. त्या दोन आठवड्यांत आम्ही नवं काही घेतलं नाही. तिनं वाचलेल्या गोष्टींची नावं तिच्याच अक्षरात वहीत लिहून काढली, एकतीस निघाली. तिच्या आईला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली : शाळा सोडल्याचा दाखला हातात यायला उशीर झाला तरी नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. अशी कितीतरी मुलं नुसत्या दाखल्यापायी वर्षभर घरी बसतात. हे माहीत असलेला एक निवृत्त कारकून वस्तीत असला तरी खूप होतं.

सुरुवात करायची तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर निवृत्तांनाही नाव नोंदवता येतं. माझा अनुभव असा की थेट जवळच्या शाळेत गेलेलं बरं, शक्यतो तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले तीन-चार जण मिळून. जूनमध्ये जाऊ नका, प्रवेश आणि पुस्तकांची गडबड असते. जुलैत पट स्थिर झाला की दुपारच्या खिचडीनंतर मुख्याध्यापकांना निवांत भेटता येतं. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ सांगा, दोन जमतील असं वाटलं तरी एकच सांगा.

लग्नं, यात्रा, डॉक्टरच्या तारखा मुलाला आधीच सांगून ठेवा. आम्ही तसं ठरवल्यावर माझ्या मुलीनं त्या पानावर तिसरी खूण सुरू केली होती. सांगून घेतलेल्या सुट्टीला ती फुली मारायची नाही, गोल काढायची.